नव्या बचत गटाच्या मसाला उद्योगासाठी

ताई, चव तुमच्या हातात आहेच. धंदा अडतो तो आपसातल्या अविश्वासावर. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- हिशोब दर बैठकीत मोठ्याने वाचा. वही एकीच्याच घरी राहिली की कुजबुज सुरू होते आणि ऑर्डरच्या दिवशी हात कमी पडतात.
- मजुरी कामाप्रमाणे, नफा ठरल्याप्रमाणे. दोन्ही एकत्र केलंत तर सगळ्यात जास्त राबणारीच आधी गट सोडते.
- अध्यक्षपद फिरतं ठेवा.

गप्प बसणारीला मुद्दाम विचारा; मिरची ओली आल्याचं बहुधा तिनेच आधी पाहिलेलं असतं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथे प्रत्येक सभासद मालकीण असते. ब्रँडिंग, ऑनलाइन विक्री सध्या राहू द्या. नक्की जमेल तुम्हाला!