राण्यांची माहेरं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ताराबाई आणि सोयराबाई दोघीही मोहिते. त्यांचं एकमेकींशी नातं काय? आणि हंबीररावांनी सख्ख्या बहिणीच्या मुलाला सोडून संभाजीराजांची बाजू का घेतली? (एक वाचक, कराड)

दोघी आत्या-भाची. तळबीडच्या संभाजी मोहित्यांची कन्या सोयराबाई, मुलगा हंसाजी. हे हंसाजी म्हणजेच हंबीरराव, आणि ताराबाई त्यांची लेक. म्हणजे राजाराम महाराजांचं लग्न मामाच्या मुलीशी झालं. मराठा घराण्यांत आते-मामे भावंडांचं लग्न मान्य होतं आणि ते मुद्दाम जुळवलंही जाई, कारण त्यामुळे एकदा जोडलेली सोयरीक पुढच्या पिढीत टिकून राहते. मोहिते-भोसले संबंध तर त्याआधीचा. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई या याच संभाजी मोहित्यांची बहीण. तीन पिढ्यांत तीन मोहिते मुली भोसल्यांच्या घरात आल्या, हे लक्षात घेतलं की १६८० ची घटना जास्तच ठळक दिसते.

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. २१ एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. मग अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे हे प्रधान पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांना पकडायला निघाले. हंबीरराव फौजेसह कराडच्या बाजूला होते. गादीवर बसलेला मुलगा त्यांचा सख्खा भाचा होता. तरी त्यांनी या दोन प्रधानांनाच कैद करून पन्हाळ्याला नेलं. आमच्या मते इथे माहेर-सासर हा हिशेब अपुरा पडतो. कारस्थान प्रधानांनी रचलं होतं आणि त्यात सरनौबताला, म्हणजे सेनापती हंबीररावांना, विचारलंच नव्हतं. मोगलांचा धोका समोर असताना लढाईत मुरलेला थोरला राजपुत्र की दहा वर्षांचं मूल, हा प्रश्न फौजेच्या माणसाला भाऊ-बहिणीच्या नात्यापेक्षा मोठा वाटला असणार. सोयराबाई ऑक्टोबर १६८१ मध्ये गेल्या. भाची सून म्हणून घरात आली ती त्यानंतर.

याच घरातली पुढची पिढीही पाहण्यासारखी आहे. राजाराम महाराजांच्या राण्यांपैकी जानकीबाई प्रतापराव गुजरांची लेक, ताराबाई मोहित्यांची, राजसबाई कागलच्या घाटग्यांची. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. ‘सवतीमत्सर’ हा एकच शब्द लिहून मोकळं होणाऱ्यांनी नकाशा उघडावा. कागल कोल्हापूरला अगदी लागून आहे. राणीचं माहेर किती कोसांवर आहे आणि तिथे फौजफाटा किती, याला त्या काळी फार वजन होतं.

एक सावधगिरी. हंबीरराव, प्रतापराव हे किताब आहेत. प्रतापरावांचं नाव कडतोजी. कागदात एकदा कडतोजी गुजर आणि एकदा प्रतापराव गुजर आले की नवखा अभ्यासक दोन माणसं धरतो आणि वंशावळीत एक पिढी उगाच वाढते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या वडिलांचंही तसंच: सखाराम घाटगे आणि सर्जेराव घाटगे ही एकच व्यक्ती.

येसूबाई शिर्क्यांच्या, आणि गणोजी शिर्के शिवाजी महाराजांचे जावई. मग संभाजीराजे गणोजींचे मेहुणे कसे? दोन्हीकडून नातं लागतं का? (एक वाचक, चिपळूण)

हो, दोन्हीकडून. याला आपण साटंलोटं म्हणतो. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची लेक येसूबाई संभाजीराजांना दिली आणि महाराजांची लेक राजकुंवर पिलाजींच्या मुलाला, गणोजींना. त्यामुळे संभाजीराजे गणोजींच्या बहिणीचे नवरे, आणि गणोजी संभाजीराजांच्या बहिणीचे नवरे.

साटंलोटं करण्यामागे राजकीय गणित असतं. दोन्ही घरच्या लेकी समोरच्या घरात असल्या की कुणीही सहज बिघाड करत नाही. इथे ते गणित वतनापाशी अडलं. शिर्के जुने वतनदार देशमुख, आणि नवी वतनं बांधून द्यायची नाहीत हे महाराजांचं धोरण. १६८८ च्या अखेरीस कवी कलश आणि शिर्के यांच्यात उघड लढाई झाली, कलश खेळण्याला म्हणजे विशाळगडाला गेले आणि खुद्द संभाजीराजे शिर्क्यांवर चालून आले, अशी जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) नोंद आहे. पुढच्याच फेब्रुवारीत संगमेश्वरला राजे पकडले गेले. माहेर आणि सासर लढत असताना येसूबाई रायगडावर होत्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड पडला आणि बाळ शाहूसह त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटले. आई मात्र १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा आली. जवळजवळ तीस वर्षं. या बाईंवर अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, हे आमचं ठाम मत.

अहिल्याबाई होळकर माहेरच्या शिंदे. म्हणजे महादजी शिंदे त्यांचे भाऊबंद होते का? (एक वाचक, इंदूर)

नाही. अहिल्याबाईंचे वडील माणकोजी शिंदे चौंडीचे पाटील. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात येतं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात. दोघांकडे पाटीलकी होती, त्यामुळे घोटाळा होतो. पण माणकोजी धनगर समाजातले आणि ग्वाल्हेरकर मराठा. आडनाव सारखं दिसलं म्हणून नातं लावू नये. मूळ गाव, वतन, कुलदैवत आणि समाज या चारही गोष्टी जुळल्या तरच पुढे जावं. होळकर हे आडनावच मुळी गावावरून आलंय. नीरेकाठचं होळ हे त्यांचं गाव. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव वाढले मात्र मामाच्या घरी, खानदेशात तळोद्याला भोजराज बारगळांकडे, आणि त्यांची पत्नी गौतमाबाई म्हणजे त्याच मामांची लेक. इथेही मामेबहीणच.

महादजींनी अहिल्याबाईंना आधार दिला, तो १७६७ मध्ये त्यांचा मुलगा मालेराव गेल्यानंतर. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी राघोबादादांना होळकरांच्या दौलतीत हात घालायला बोलावलं, तेव्हा. हा आधार सरदारांच्या आपसांतल्या हिशेबातून आलेला होता, रक्ताच्या नात्यातून नव्हे.

झाशीच्या राणीचं जन्मसाल काही ठिकाणी १८२८, तर काही ठिकाणी १८३५ छापतात. तारीख मात्र दोन्हीकडे १९ नोव्हेंबर. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

हे घरबसल्या पडताळता येतं. परंपरेने सांगितलेली तिथी कार्तिक वद्य १४, शके १७५७. शकात ७८ मिळवले की १८३५ येतं. त्या वर्षी नोव्हेंबरची अमावास्या २० तारखेला होती, म्हणजे १९ ला वद्य चतुर्दशी बरोबर बसते. आता १८२८ पाहा. त्या नोव्हेंबरात अमावास्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस होऊन गेली होती. १९ तारखेला कार्तिक शुद्ध पक्ष चालू होता. त्या दिवशी वद्य चतुर्दशी असणं शक्यच नाही.

एवढ्यावरून १८३५ सिद्ध होतं असं म्हणू नये. सिद्ध एवढंच होतं की १९ नोव्हेंबर ही तारीख १८३५ ची आहे. ज्यांना १८२८ धरायचं आहे त्यांनी १९ नोव्हेंबर सोडून द्यावी. एका मताचं साल आणि दुसऱ्या मताची तारीख जोडून छापणं, हीच यातली खरी चूक, आणि ती शाळेच्या फलकांपासून स्मरणिकांपर्यंत सगळीकडे आहे.

माहेरचं थोडक्यात: वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई, कऱ्हाडे ब्राह्मण. जन्म काशीचा, बालपण ब्रह्मावर्ताला (बिठूरला) दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयात. सासरचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले. त्याच्या आदल्याच दिवशी भाऊबंदांतला आनंदराव दत्तक घेऊन त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. मोरोपंतांना १८५८ मध्ये इंग्रजांनी फाशी दिली. लेकीसोबत वडिलांनीही किंमत मोजली, पण त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं.

पेशव्यांच्या सुना बहुतेक सावकारांच्या घरच्या का दिसतात? (एक वाचक, वाई)

कारण मोहिमेला रोख लागते. पगार थकला की फौज पांगते, आणि पहिल्या बाजीरावांच्या डोक्यावर कर्ज कायमच होतं. काशीबाईंचे वडील महादजी कृष्ण जोशी चासकर हे चासचे बडे सावकार होते आणि जावयाच्या अडचणीत ते उभे राहिले. गोपिकाबाई तुमच्याच वाईच्या रास्त्यांच्या. या घराचं मूळ आडनाव गोखले, रास्ते हे शाहू महाराजांनी दिलेलं. म्हणून गोखले आणि रास्ते ही दोन घरं मानून त्यांच्यात सोयरीक शोधू नका.

सगळ्याच सुना अशा नव्हत्या. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई पेणच्या कोल्हटकर, राघोबादादांच्या आनंदीबाई ओक, थोरल्या माधवरावांच्या रमाबाई मिरजेच्या जोशी. पेशवे चित्पावन, त्यामुळे मुली त्याच वर्तुळातून आणि गोत्र टाळून. निवडीला जागाच थोडी होती.

जयपूरच्या गायत्रीदेवींचं आजोळ मराठी होतं हे खरं का? (एक वाचक, बडोदे)

खरं. त्यांच्या आई इंदिराराजे या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. १९१३ मध्ये त्या कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न करून गेल्या आणि १९१९ मध्ये गायत्रीदेवी जन्मल्या. आजी कोणती हे सांगताना मात्र चूक होते, कारण सयाजीरावांच्या दोन्ही राण्या चिमणाबाईच. पहिल्या तंजावरच्या मोहिते, १८८५ मध्ये निवर्तल्या. दुसऱ्या देवासच्या घाटगे, माहेरचं नाव गजराबाई. इंदिराराजे या दुसऱ्या चिमणाबाईंच्या. सासरी नाव बदलायची रीत असली की असं होतं. म्हणून राणीचं नाव लिहिताना माहेरचं नाव आणि लग्नाचं साल सोबत लिहावं.

आमच्या घरातली एक मुलगी सातारच्या राजघराण्यात दिली होती असं वाडवडील सांगत. पुरावा कुठे शोधावा? (एक वाचक, फलटण)

प्रथम कागदावर तीन गोष्टी लिहा: मूळ गाव, वतन कोणतं (पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण), आणि ही मुलगी आजपासून किती पिढ्या मागची. पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरा. सात पिढ्या म्हणजे साधारण पावणेदोनशे ते दोनशे वर्षं. सांगितलेला राजा त्या काळात बसतो का हे आधी पाहा. बऱ्याच आख्यायिका इथेच गळतात, आणि त्या गळाल्या तर पुढचे कष्ट वाचतात.

मग पुणे पुराभिलेखागार. तिथे पेशवे दफ्तर आहे आणि इनाम कमिशनचे (इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या मंडळाचे) कागदही. कमिशनपुढे प्रत्येक इनामदाराला आपली हकिकत म्हणजे कैफियत द्यावी लागली, आणि तिच्यासोबत वंशावळ. अडचण अशी की या वंशावळी वारसा सिद्ध करायला लिहिलेल्या, त्यामुळे लेकींची नावं त्यात नसतात. निपुत्रिक गेलेले भाऊही कधीकधी गाळलेले असतात. लेकींचा माग वेगळ्या कागदांत लागतो: आंदण दिलेलं गाव, चोळीबांगडीसाठी नेमून दिलेलं उत्पन्न, दत्तकपत्र, लग्नाच्या आहेराच्या याद्या. रुमाल (कागदांचं बासन) मागताना म्हणूनच मुलीच्या नावाने शोधू नका, वतनाच्या गावाने शोधा.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळी विसरू नका. तीर्थश्राद्धात आईच्या वडिलांकडच्या पिढ्यांचाही उच्चार होतो, त्यामुळे वंशावळीत न सापडणारं आजोळ कधीकधी तिथे सापडतं. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कोणत्या घराकडे तुमचं पान आहे ते कळतं. दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी राखणाऱ्या हेळवी लोकांच्या वह्याही पाहाव्यात, पण त्यांत यजमानाला बरं वाटेल असा मजकूर मिसळलेला असतो. दुसऱ्या कागदाने दुजोरा मिळाल्याशिवाय तो धरू नये.

कागद मोडीत असेल. वाचणारा मिळाला तरी तारीख स्वतः तपासा. शकात ७८ मिळवतात, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुन संपेपर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं, तिथे ७९ लागतात. राजाराम महाराजांचा जन्म फाल्गुन शुद्ध १५, शके १५९१ चा. ७८ मिळवले तर १६६९ येईल, खरं साल १६७०. सुहूर सन (मराठी दफ्तरांतली आणखी एक कालगणना) आकड्यांऐवजी अरबी शब्दांत असतो आणि एककापासून सुरू होतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७३. त्यात ५९९ मिळवा, १७७२ येईल. थोरले माधवराव थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या ते हेच वर्ष. सुहूर वर्ष मृगापासून चालू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवा. फलटणच्या कागदांत ‘निंबाळकर’ दिसलं की लगेच राजघराणं समजू नका. ‘नाईक’ हा शब्द सोबत आहे का ते पाहा, आणि नसेल तर ते निंबाळकर कोणत्या गावचे हे त्याच रुमालातल्या पुढच्या कागदांत शोधा.