‘हॅक झालंय’ म्हटलं की आधी विचार, काय झालंय?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात बसायला लागलास, की ‘दादा, माझं फेसबुक हॅक झालंय’ हे रोज ऐकशील. लगेच पासवर्ड बदलायला धावू नकोस. ‘दाखवा बघू’ म्हण.

बऱ्याचदा खातं जागेवरच असतं. कुणीतरी फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं खातं काढतं आणि मित्रांकडं पैसे मागतं. ते बनावट खातं रिपोर्ट करायचं, ओळखीच्यांना कळवायचं. पासवर्डचा तिथं संबंधच नाही.

व्हॉट्सॲपचं वेगळं. मेसेजनं आलेला सहा आकडी पडताळणी कोड माणसानं स्वतःच कुणाला तरी सांगितलेला असतो. त्याच नंबरवर पुन्हा नोंदणी कर, म्हणजे चोरटा बाहेर पडतो. त्यानं स्वतःचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. पैसे गेले असतील तर मात्र सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

आणि शब्द चुकला म्हणून कुणाला टोकू नकोस. १९५५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या रेल्वे मॉडेल क्लबात ‘हॅकिंग’ म्हणजे वायरिंगशी खटपट करणं होतं. आपल्या उद्यमनगरातल्या कारागिरांना शोभेल असा अर्थ! चोरीचा अर्थ नंतर चिकटला. आता तर पोरं ‘किचन हॅक’ही म्हणतात.

रजिस्टरमध्ये मात्र नुसतं ‘हॅक’ लिहू नकोस. ‘बनावट खातं’, ‘कोड दिला’, ‘पासवर्ड विसरला’ असं लिही.