वाचकांचे प्रश्न : खाणी बंद झाल्या, संघटना चालत राहिली

प्रश्न : १९८० नंतर लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतील अनेक देशांनी जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या सल्ल्याने आपल्या बाजारपेठा खुल्या केल्या. या सुधारणांनी तेथील कामगार चळवळ संपवली, असे सर्रास लिहिले जाते. मग त्यांतल्या काही देशांत पुढे डाव्या विचारांची सरकारे निवडून आली, ती कोणाच्या बळावर?

उत्तर : या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर बोलिव्हियात सापडते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. १९८५ साली त्या देशातील महागाईचा वार्षिक दर आठ हजार टक्क्यांच्या वर गेला होता. पगार हाती येताच लोक त्याच्या वस्तू किंवा डॉलर घेऊन ठेवत. सरकारचीही तीच गत होती. आकारलेला कर प्रत्यक्ष तिजोरीत पडेपर्यंत त्या रकमेला फारसे मोल उरत नसे आणि तूट भरण्यासाठी आणखी नोटा छापाव्या लागत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हिक्तोर पाझ एस्तेन्सोरो पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला त्यांनी २१०६० क्रमांकाचा हुकूम काढला. किमतींवरील नियंत्रणे उठली, आयात खुली झाली, चलनाचा दर बाजारावर सोपवला गेला आणि कामगारांना कमी करणे सोपे झाले. काही आठवड्यांतच महागाई आटोक्यात आली. सुधारणांवर कितीही टीका करायची असली, तरी हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

या हुकुमावर सही करणाऱ्या पाझ यांनीच १९५२ च्या क्रांतीनंतर कथिलाच्या मोठ्या खाणी सरकारी मालकीच्या केल्या होत्या. ३३ वर्षांनंतर तोच डोलारा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. त्यातच १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या धातू बाजारात कथिलाचे भाव कोसळले आणि तोट्यातल्या खाणी सुरू ठेवण्याच्या बाजूने बोलायला आर्थिक आधारच राहिला नाही. सरकारी खाण महामंडळातील सुमारे ३० हजार कामगारांपैकी थोड्याच काळात जेमतेम सात हजार उरले. या कपातीला सरकारने ‘स्थलांतर’ असे सोज्वळ नाव दिले होते. संपाची हाक दिली गेली, तेव्हा सरकारने आणीबाणी पुकारून कामगार पुढाऱ्यांना दूरच्या सखल प्रदेशात नेऊन ठेवले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये खाणकामगार बायकामुलांसह राजधानीकडे पायी निघाले. वाटेत कालामार्का येथे सैन्याने त्यांना वेढा घातला आणि ते मागे फिरले. ज्या संघटनेने तीन दशके सरकारांना धाक घातला होता, तिचे राष्ट्रीय बळ तेथे संपले.

आपण वाचलेले विधान इथपर्यंत बरोबर आहे. पुढचा भाग मात्र त्यातून सुटतो. कामावरून गेलेली ही कुटुंबे हवेत विरली नाहीत. काही ला पाझ शहराच्या वर, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या एल आल्तो या वस्तीत गेली, तर काही चापारे या उष्ण प्रदेशात कोकाची, म्हणजे ज्याच्या पानांपासून कोकेन बनते त्या झुडपाची, शेती करू लागली. चापारेत शेतकऱ्यांच्या संघटना आधीपासून होत्या; खाणीतून आलेल्यांनी त्यांत आपली शिस्त आणि रस्ते अडवण्याचा अनुभव मिसळला. अमेरिकेच्या आग्रहावरून कोकाचे पीक उपटण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा या संघटनांना रोज दारात उभा राहणारा प्रतिस्पर्धीही मिळाला. एव्हो मोरालेस हे याच संघटनांचे पुढारी होते. ते स्वतः खाणकामगार नव्हते. ओरुरोच्या पठारावरून चापारेत येऊन वसलेल्या शेतकरी कुटुंबातले होते.

त्यांच्या पक्षाला निवडणुकीची वाट मोकळी करून दिली ती सुधारकांनीच, हा या कथेतील मला सर्वांत रोचक वाटणारा भाग आहे. गोन्सालो सांचेस दे लोसादा यांनी १९८० च्या दशकात नियोजनमंत्री या नात्याने आर्थिक कार्यक्रम राबवला होता. अध्यक्ष झाल्यावर १९९४ साली त्यांनी राष्ट्रीय महसुलाचा २० टक्के वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात नगरपालिकांना देणारा कायदा केला आणि खेडोपाडी निवडून आलेल्या स्थानिक संस्था उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी झालेल्या स्थानिक निवडणुकांत कोका उत्पादकांनी चापारेतील अनेक नगरपालिका जिंकल्या. राष्ट्रीय राजकारणात शिरण्यासाठी लागणारी पायरी त्यांना आयतीच मिळाली. २००० साली कोचाबाम्बा शहरात पाणीपुरवठ्याचे खासगीकरण दरवाढीविरोधातील आंदोलनामुळे मागे घ्यावे लागले. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून एल आल्तो पेटले, गोळीबारात अनेक माणसे मेली आणि दुसऱ्यांदा अध्यक्षपदी असलेले सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन देशाबाहेर गेले. २००५ च्या डिसेंबरमध्ये मोरालेस जवळपास ५४ टक्के मते घेऊन निवडून आले.

सुधारणांनंतरच्या राजकारणाचा अंदाज बांधताना आर्थिक वाढीच्या दराइतकेच, माझ्या मते किंचित जास्तच, लक्ष नोकरी गेलेली माणसे कोठे जाऊन राहिली आणि तेथे त्यांना कोणती संस्था हाताशी मिळाली, याकडे द्यावे. अर्थात सत्ता मिळाली म्हणजे धोरणही टिकाऊ झाले, असा अर्थ कोणी घेऊ नये. वायूच्या उत्पन्नावर उभा राहिलेला मोरालेस यांच्या पक्षाचा कारभार डॉलर आणि इंधन या दोहोंच्या टंचाईत अडकला आणि २०२५ च्या निवडणुकीत मतदारांनी त्याला दूर केले.

प्रश्न : चिलीचे उदाहरण पाहता, अशा कठोर सुधारणा हुकूमशाहीशिवाय शक्यच नसतात, असे म्हणावे का?

उत्तर : नाही, वर सांगितलेला बोलिव्हियाचा हुकूम निवडून आलेल्या अध्यक्षांचाच होता, जरी तो टिकवण्यासाठी त्यांनी आणीबाणीचा आधार घेतला. चिलीबद्दल सांगायचे, तर १९७३ च्या लष्करी उठावानंतर शिकागो विद्यापीठात शिकलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती धोरण गेले, हे खरे. परंतु त्या राजवटीचा हिशेब मांडणारे बरेच जण १९८२ हे वर्ष गाळतात. डॉलरला ३९ पेसो असा बांधलेला विनिमय दर टिकला नाही, त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरले आणि १९८३ च्या जानेवारीत खासगीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या सरकारलाच मोठ्या बँकांचा ताबा घ्यावा लागला. तांब्याच्या सर्वांत मोठ्या खाणी तर लष्करी हुकूमशहा पिनोचे यांनी कधी विकल्याच नाहीत. दारिद्र्याचे प्रमाण १९८७ साली सुमारे ४५ टक्के होते आणि २००० पर्यंत ते २० टक्क्यांच्या आसपास आले. ही घट बहुतांशी १९९० नंतरच्या लोकनियुक्त सरकारांच्या काळातली आहे.

हुकूमशाहीने जे साधले, ते वेगळे होते : तिने काही निर्णय मतदारांच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवले. १९८१ ची खासगी निवृत्तिवेतन योजना हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ती सर्व नव्या नोकरदारांना सक्तीची झाली, मात्र सैन्यदलांनी स्वतःची जुनी सरकारी योजनाच कायम ठेवली. योजना आणणाऱ्यांचा तिच्यावर किती विश्वास होता, हे वाचकांनीच ठरवावे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि देशभर आंदोलन उसळले, तेव्हा तुटपुंजे निवृत्तिवेतन ही त्यातील प्रमुख तक्रारींपैकी एक होती. त्यातून लिहिल्या गेलेल्या राज्यघटनेच्या दोन मसुद्यांपैकी २०२२ चा मसुदा डावीकडे आणि २०२३ चा उजवीकडे झुकलेला होता. मतदारांनी दोन्ही फेटाळले आणि पिनोचे काळातली, वारंवार दुरुस्त केलेली घटनाच आजही लागू आहे.

प्रश्न : कामगार पुढारीच सत्तेवर आला, तर सुधारणांचे स्वरूप बदलते का?

उत्तर : झांबियाचा अनुभव फारसा आशादायक नाही. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव पडल्यापासून तो देश कर्जात रुतत गेला. १९९० च्या जूनमध्ये मक्याच्या पिठाचे भाव दुपटीहून अधिक वाढवताच दंगली झाल्या, आणि अध्यक्ष केनेथ काउंडा यांना एकपक्षीय व्यवस्था सोडून निवडणूक घ्यावी लागली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा मोठ्या बहुमताने विजयी झाले. त्यांनीच पुढे पिठावरचे अनुदान बंद केले, सरकारी उद्योग विकले आणि २००० साली तांब्याच्या उरलेल्या खाणीही खासगी कंपन्यांच्या हवाली केल्या. आपलाच नेता अध्यक्ष असताना संप कोणाविरुद्ध करायचा, अशा पेचात सापडलेल्या संघटना दुबळ्या होत गेल्या. तो राग पुढे चिलुबांचेच जुने मंत्री मायकेल साटा यांनी आपल्याकडे वळवला. परदेशी, विशेषतः चिनी, खाणमालकांविरुद्ध प्रचार करून २०११ साली ते अध्यक्ष झाले, आणि त्यांना भरभरून मते देणारी खाणपट्ट्यातील शहरे तीच होती, ज्यांनी २० वर्षांपूर्वी चिलुबांना निवडून दिले होते.