रोज धावते, तरी टाइम का सुधारत नाही?

प्रश्न: आठवड्यातून 5 दिवस धावते, दरवेळी जीव तोडून, तरी 10 किलोमीटरचा टाइम तिथंच अडकलाय, आता तर सकाळी उठायचाच कंटाळा येतो. काय करू?

उत्तर: अहो, दरवेळी जीव तोडून, हेच तर दुखणं आहे! 4 दिवस इतकं हळू धावा की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, घड्याळ बघूच नका (पेस बघून लाज वाटेल, वाटू दे). हळू धावतानाही स्नायूंमधल्या केशवाहिन्या, मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात आणि पाय ताजे राहतात, मग पाचव्या दिवशी इंटरव्हल्सना (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून-पालटून धावणं) खरा जोर लावता येतो. कंटाळ्याचं म्हणाल तर शूज रात्रीच काढून ठेवा, नुसतं 10 मिनिटं जाऊन येते म्हणून निघा, नाहीच जमलं तर खुशाल परत या.