बेळगावात घरच्या कॉम्प्युटरवर मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कोणतंच घेऊ नका. विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडून मराठी आणि कन्नड जोडा, मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की कीबोर्डची भाषा बदलते. इंग्रजी अक्षरांवरून लिहायची सवय असेल तर फोनेटिक कीबोर्ड निवडा. पण आपल्याकडे, बेळगाव-खानापूर-निपाणीत, दोन्ही लिप्या रोज लागतात, म्हणून मी इनस्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, शिका म्हणेन. त्यात ज्या बटणावर मराठीचा क, त्याच बटणावर कन्नडचाही क. एकदा बोटं बसली की मराठी निबंध आणि पंचायतीचा कन्नड अर्ज, दोन्ही सारख्याच वेगानं होतात. मात्र श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली यानं नीट दिसणार नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्याव्या लागतील.