आधी सेटअप, मग पिकअप

स्वस्त बेस गिटारचे पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबकी भाग) बदलायची घाई समजते, पण आधी नवीन तारा चढवा आणि नीट सेटअप, म्हणजे गिटारची जुळवणी, करा. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, मग तारांची उंची, शेवटी १२व्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) इंटोनेशन, म्हणजे तिथे दाबूनही सूर बरोबर लागतो का, ते जुळवा. स्वस्त बेसच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, खरंच!

तरीही आवाज मिळमिळीत वाटला तर खुशाल पिकअप बदला. नवखे चुकतात ते मापात. जॅझ बेसचा (दोन पिकअपवालं एक प्रसिद्ध मॉडेल) नेककडचा, म्हणजे मानेकडचा पिकअप सहसा ब्रिजकडच्यापेक्षा (ब्रिज म्हणजे खालच्या टोकाला तारा बसतात तो भाग) थोडा आखूड असतो, पण काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात. जुने पिकअप काढून लांबी, रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा, मगच ऑर्डर द्या.

आणखी थोडं:
- वायरींचं सोल्डर काढण्याआधी वायरिंगचे फोटो घ्या.
- ट्यूनर (तार पिळायच्या खुंट्या) घेताना हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, भोकाचा व्यास बघा. सूर टिकत नसेल तर आधी नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचा तपासा, तार बऱ्याचदा तिथेच अडकते.
- सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते छोटे भाग) सरकत असतील तरच ब्रिज बदला. जड ब्रिजने आवाजात फार फरक पडत नाही, असं माझं मत.
- एका वेळी एकच बदल करा.

जुने भाग जपून ठेवा. प्रीअ‍ॅम्पचं (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचं) नंतर बघू.