शेततळ्याच्या खोदाईत मातीचे टणक गोळे निघाले, आत पांढरी अळी आहे. हुमणी आहे का?

हुमणी नाही, भाऊ. दाणेदार औषधाचे पैसे वाचवा.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पारोळ्याकडे दिवाळीनंतर शेततळं खोदताना कंबरभर खोलीवर क्रिकेटच्या चेंडूएवढे गोळे निघाले, एक फोडला तर आत जाड अळी, आणि कृषी केंद्रवाला म्हणतो हुमणीच. दुसरं, पावसाळ्यात गाडरस्त्यावर शेणाची गोळी लोटत नेणारी भुंग्यांची जोडी नवरा-बायको असते का. दोन्हींचं उत्तर शेणकिड्यापाशीच येतं, जाती तेवढ्या वेगळ्या.

आधी अळी. हुमणीची अळी मोकळ्या मातीत मुळं खात फिरते. कोषात जाताना ती मातीत कोठी करते, पण हातात धरून आपटावा असा सुटा गोळा ती करत नाही. शिवाय तुमच्या फोटोतल्या अळीच्या पाठीवर मदार आहे, मागचं टोक चपटं आहे आणि पाय अगदीच लेचेपेचे. हुमणीचे पाय चांगले धट्टेकट्टे असतात. तरी खात्री करायची असेल तर फुटलेल्या गोळ्याचा तुकडा वाटीभर पाण्यात भिजवा. बाहेरचं कवच विरघळून माती खाली बसेल आणि आतून चावलेल्या गवताचे तंतू सुटतील. ते शेण आहे. अळी ज्या घरात राहते तेच घर ती आतून खात असते.

गोळ्याच्या आकारावरून हे हेलिओकॉप्रिस या मोठ्या शेणकिड्याचं काम वाटतं. तो गोळी लोटत नाही. शेणाच्या पोच्या खालीच सरळ बीळ पाडतो आणि शेण खाली ओढून नेतो. तळाशी मादी त्या शेणाचे मोजकेच गोळे वळते, एका गोळ्यात एकच अंडं घालते आणि वरून मातीचा लेप देते. त्या लेपामुळे आतलं शेण महिनोन्‌महिने ओलं राहतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तरी आतली अळी सुकत नाही ती यामुळेच. थायलंडच्या ईशान्य भागात लोक म्हशींच्या चराऊ रानातून याच किड्याचे गोळे उकरून आतल्या अळ्या नि कोष खातात. आपल्याकडे कोणी खाल्ल्याचं ऐकलं नाही, पण चव विचारू नका, मीही खाल्लेला नाही.

याच्याच नात्यातल्या कॉप्रिस किड्यांची मादी गोळे वळून निघून जात नाही. पिल्लं भुंगे होऊन बाहेर पडेपर्यंत ती गोळ्यांपाशीच बसते, बुरशी धरली तर खरवडते, तडा गेला तर लिंपते. किड्यांच्या जगात एवढं आईपण दुर्मिळ. आणि अळीही काही हातावर हात धरून बसत नाही. मी एकदा अशाच, पण लहान गोळ्याला बाभळीच्या काट्यानं भोक पाडून पाहिलं. आत हालचाल झाली, आधी डोकं दिसलं, मग अळी जागच्या जागी वळली, ते चपटं टोक भोकाला लावलं आणि स्वतःच्या विष्ठेनं ते बुजवून टाकलं. पाठीवरच्या मदारीत हाच गिलाव्याचा माल भरलेला असतो. खोटं वाटत असेल तर एका गोळ्यावर करून पाहा, फक्त भोक बारीक पाडा.

आता नवरा-बायकोचं. गाडरस्त्यावर दिसते ती जिम्नोप्लुरससारखी लोटणारी जात. डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, उलटी चाल. व्हॉट्सअ‍ॅपवर या जोडीच्या संसाराच्या फार गोड गोष्टी फिरतात. कधी कधी ते खरंच नर-मादी असतात. नर गोळी करतो, मादीला पसंत पडली तर ती सोबत निघते किंवा वर बसून जाते. ठिकाणावर गोळी पुरतात आणि मिलन बहुतेक तिथेच, मातीखाली होतं. पण फ्रान्सचे कीटक-अभ्यासक ज्याँ आन्री फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात अशा जोड्या चिरून पाहिल्या तेव्हा कितीतरी वेळा दोघेही एकाच लिंगाचे निघाले. दुसरा मदतनीस नव्हताच, संधी साधून गोळी पळवायला आलेला होता. म्हणून दोघांना एका गोळीवर पाहिलं की लगेच लग्न लावू नका. शिवाय प्रत्येक गोळी घरट्यासाठी नसते, बऱ्याच नुसत्या खायच्या असतात.

सगळ्यात रंगतदार भानगड मात्र बीळ पाडणाऱ्या छोट्या ऑन्थोफॅगस जातींत असते. मादी बिळात अंड्यांसाठी शेण दाबून भरत असते आणि शिंगवाला नर दारात अडून बसतो. दुसरा शिंगवाला आला की शिंगात शिंग अडकवून ढकलाढकली. यातल्या ऑन्थोफॅगस टॉरस या युरोपातल्या जातीचा नर स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढू शकतो, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं आहे. पण बिनशिंगाचे बारके नर त्या भानगडीत पडतच नाहीत. ते बाजूनं वेगळं बीळ कोरून आत शिरतात, पहिलवान दारात राखण करत असताना मादीशी जुळतात आणि आल्या वाटेनं पसार. कोणाला शिंग फुटणार हे मुख्यतः आईनं अळीसाठी किती शेण बांधून ठेवलं यावर ठरतं. पोटभर मिळालं तो पहिलवान, कमी मिळालं तो चोरवाटेचा.

उरलेले गोळे फेकू नका. उन्हात ठेवले तर आतली अळी मरेल. बांधाच्या सावलीच्या बाजूला, निघाले तेवढ्याच खोलीवर पुरा. वरची माती फार चोपू नका. पाऊस मुरून कवच भिजलं की भुंगा आपोआप बाहेर येतो, वाळलेल्या कवचातून त्याला निघता येत नाही. हे किडे पिकाला तोंड लावत नाहीत, उलट शेण फुकटात जमिनीत गाडतात आणि माशांची पैदास कमी करतात. हुमणीचा बंदोबस्त करायचाच असेल तर पहिल्या वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे गोळा करा.

आणि गुरांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देत असाल तर एक ध्यानात ठेवा. ते औषध शेणातून बाहेर पडतं आणि त्या शेणात वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. इंजेक्शननंतर काही दिवस ती गुरं गोठ्यातच ठेवून शेण उकिरड्यावर टाकता आलं तर बघा.